अरबी समुद्रात ‘सिस्टीम’ दिसली : तिचं वादळ होतंय का, हे क्रमाने कसं तपासायचं

मे उजाडला किंवा पावसाळा सरला की फोनवर एक ठरावीक चित्र फिरायला लागतं. अरबी समुद्रात जांभळा भोवरा, कोपऱ्यात नऊ-दहा दिवसांनंतरची तारीख आणि खाली ‘मुंबईवर संकट’. चित्र बनावट नसतं. हवामानाचं गणित मांडणाऱ्या कुठल्यातरी संगणकी मॉडेलच्या एका फेरीत ते खरोखर उमटलेलं असतं, आणि बहुतेक वेळा पुढच्या एक-दोन फेऱ्यांत पुसलंही गेलेलं असतं. चूक होते ती क्रमात. समुद्रात आज काय आहे हे न बघताच माणूस थेट दहाव्या दिवसावर जातो. भोवऱ्याचं केंद्रच तयार नसताना मार्गावरून वाद घालणं म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

म्हणून इथला क्रम असा : आधी आजची स्थिती, मग भोवतालचं वातावरण, मग मॉडेल आणि मार्ग सगळ्यांत शेवटी.

## तयारी : समुद्र शांत असतानाच करायची

वही. साधी शंभर पानी चालेल. रकाने सहा : तारीख-वेळ, केंद्राचे अक्षांश-रेखांश, हवामान विभागाने दिलेला दर्जा, वारा, निर्मितीची शक्यता, शेरा. वही नसली की कालचं विसरायला होतं आणि आजची प्रत्येक बातमी नवी वाटते.

घड्याळ. उपग्रहचित्रं आणि मॉडेल यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवा. ०० यूटीसी म्हणजे आपले पहाटे ५:३०, ०३ म्हणजे सकाळी ८:३०, १२ म्हणजे संध्याकाळी ५:३०. खरा घोळ १८ नंतर होतो. २१ यूटीसी म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे रात्रीचे २:३०. तारीख बदलायला विसरलात की वादळ एक दिवस ‘लवकर’ येतं.

पायऱ्या पाठ. आपल्या समुद्रांत दर्जा तीन मिनिटांच्या सरासरी वाऱ्यावर ठरतो :

- कमी दाबाचं क्षेत्र : १७ नॉटपेक्षा कमी
- डिप्रेशन : १७ ते २७ नॉट (ताशी ३१ ते ५० किमी)
- डीप डिप्रेशन : २८ ते ३३ नॉट (५१ ते ६२)
- चक्रीवादळ : ३४ ते ४७ नॉट (६३ ते ८८)
- तीव्र चक्रीवादळ : ४८ ते ६३ नॉट (८९ ते ११७)
- अतितीव्र : ६४ ते ८९ नॉट (११८ ते १६६)

त्याच्यावर आणखी दोन पायऱ्या आहेत, त्यांतली सगळ्यांत वरची १२० नॉटपासून, सुपर सायक्लोन. अमेरिकी नौदलाचं जेटीडब्ल्यूसी हे केंद्र एका मिनिटाची सरासरी धरतं, त्यामुळे त्याचा आकडा सहसा थोडा मोठा दिसतो. एक आकडा इथला, दुसरा तिथला घेऊन ‘वादळ वाढलं’ असं लिहू नका.

पानं. हवामान विभागाच्या नवी दिल्लीतल्या, चक्रीवादळांचे इशारे देणाऱ्या आरएसएमसी केंद्राचं पान, इन्सॅटच्या चित्रांसाठी मॉसडॅक, लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइसचं पान आणि मॉडेलसाठी विंडी किंवा ट्रॉपिकल टिडबिट्स. एवढं पुरतं. वीस ॲप घेऊन बसणारा बहुधा त्यातलं सगळ्यांत भयंकर तेवढं निवडतो.

## टप्पा १ : बुलेटिनमधलं एक वाक्य नीट वाचा

सुरुवात चित्राने नको, शब्दांनी करा. आरएसएमसीचं ‘ट्रॉपिकल वेदर आउटलुक’ रोज निघतं, आणि दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचं एक वेगळं येतं. त्यात चार प्रकारचे शब्द येतात आणि वाचणारे ते सर्रास एकाच मापाने मोजतात.

‘ट्रफ’ म्हणजे कमी दाबाचा पट्टा, त्याला केंद्र नसतं. ‘सायक्लोनिक सर्क्युलेशन’ म्हणजे चक्राकार वारे, तेही हवेच्या कुठल्यातरी थरात. त्यानंतर कमी दाबाचं क्षेत्र आणि मग ठळक कमी दाबाचं क्षेत्र. बातमीत या चारही गोष्टींचं ‘वादळसदृश स्थिती’ होऊन जातं.

चक्राकार वाऱ्यांबरोबर उंची दिलेली असते, ती वहीत उतरवा. ‘समुद्रसपाटीपासून ३.१ ते ५.८ किमी दरम्यान’ असं असेल तर भोवरा अजून हवेच्या मधल्या थरातच आहे, पाण्यापर्यंत पोचलेला नाही. ‘५.८ किमीपर्यंत’ असेल तर तो खालपासून वरपर्यंत आहे. पुढे ‘उंचीनुसार नैर्ऋत्येकडे कललेला’ अशी पुस्ती असेल तर भोवऱ्याचा खांब वाकडा आहे. वाकडा खांब लवकर वाढत नाही. मला विचाराल तर सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत या एका वाक्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नसतं.

थांबा : जेटीडब्ल्यूसीच्या यादीत ‘९२ए’ असा क्रमांक दिसला म्हणून वादळ जन्मलं असं नाही. ९० ते ९९ हे निरीक्षणाखालच्या गडबडीचे क्रमांक आहेत आणि ते फिरून फिरून वापरले जातात. ‘ए’ म्हणजे अरबी समुद्र, ‘बी’ म्हणजे बंगालचा उपसागर. गेल्या खेपेच्या ९२ए चं चित्र या खेपेला पुन्हा फिरताना दिसू शकतं, तारीख बघा.

## टप्पा २ : उपग्रहचित्र, पण एकाच वेळेचं

इन्सॅटची चित्रं दर अर्ध्या तासाला मिळतात. त्यातलं एखादं भडक चित्र बघून मत बनवणं ही सगळ्यांत सोपी चूक. समुद्रावर ढगांचा फुलोरा मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत वाढतो आणि दुपारनंतर ओसरतो. त्यामुळे पहाटेचं चित्र बघून ‘झपाट्याने वाढतंय’ आणि संध्याकाळचं बघून ‘संपलं’ असं रोज वाटत राहतं. आज पहाटे ५:३० चं चित्र काल पहाटे ५:३० च्या चित्राशीच ताडा.

बघायचं काय, तर ढग किती उंच आहेत यापेक्षा ते टिकतात का. एकाच केंद्राभोवती बारा ते चोवीस तास गडगडाटी ढग टिकून राहिले, दुपारचा ओहोटीचा वेळही त्यांनी काढला, की गंभीरपणे घ्या. ढगांचे गोळे रोज नव्या ठिकाणी उगवत असतील तर अजून घर बसलेलं नाही.

दुसरी खूण सकाळी किंवा उतरत्या उन्हात, साध्या दृश्य चित्रात मिळते. तिरप्या उजेडात खालच्या बारक्या ढगांच्या रेघा दिसतात, आणि त्या गोल फिरत असतील तर केंद्र तिथे असतं. जाड पांढऱ्या ढगाच्या मधोमध ते असेलच असं नाही. जूनमध्ये वरच्या थरात पूर्वेचे वारे जोरात असतात. ते ढगांचा माथा पश्चिमेकडे ढकलतात आणि केंद्र पूर्वेला उघडं पडतं. अशा वेळी ढगाच्या मध्यावर बोट ठेवून अंतर मोजलंत तर शे-दीडशे किलोमीटरची चूक सहज होते.

तपासा : तुम्ही खूण केलेलं केंद्र आणि बुलेटिनमधले अक्षांश-रेखांश यांत एक अंशाहून जास्त फरक आहे का? एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किमी. फरक मोठा असेल तर चूक बहुधा तुमची आहे.

## टप्पा ३ : पाण्यालगतचे वारे

ढग फसवतात, वारे कमी फसवतात. मेटॉप उपग्रहांवरचं ॲस्कॅट आणि आपल्या ईओएस-०६ वरचं स्कॅटरोमीटर पाण्याच्या पृष्ठभागावरचे वारे मोजतात. नकाशात ते बाणांच्या काड्यांसारखे दिसतात. काडीला अर्धी रेघ म्हणजे ५ नॉट, पूर्ण रेघ १०, भरलेला त्रिकोण ५०.

प्रश्न एकच विचारायचा : वर्तुळ पूर्ण आहे का? उत्तर गोलार्धात भोवरा घड्याळाच्या उलट फिरतो. पूर्वेला दक्षिणेकडून येणारे वारे, उत्तरेला पूर्वेकडून, पश्चिमेला उत्तरेकडून आणि दक्षिणेला पश्चिमेकडून असे चारही हवेत. मॉन्सूनच्या तोंडावर दक्षिणेकडचे पश्चिमी वारे तसेही २५-३० नॉटचे असतात. तेवढेच पाहून अनेक जण ‘डिप्रेशन झालंच’ म्हणतात. उत्तरेच्या बाजूला पूर्वेचे वारे नसतील तर वर्तुळ उघडं आहे आणि ती फक्त मॉन्सूनची लाट आहे.

उपग्रहाचा पट्टा दरवेळी नेमका केंद्रावरून जात नाही. अर्धंच चित्र मिळालं तर वहीत ‘अर्धं’ असं लिहा, कल्पनेने पूर्ण करू नका.

## टप्पा ४ : वातावरण वाढू देईल का

लोक इथे समुद्राचं तापमान बघतात आणि थांबतात. वादळासाठी साधारण २६.५ अंश सेल्सिअस पाणी लागतं, आणि तेही वरच्या पापुद्र्यापुरतं नको, सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत हवं. पण मे महिन्यात अरबी समुद्र त्याहून बराच गरम असतोच. म्हणजे परीक्षेला बसलेले सगळेच ज्या प्रश्नात पास होतात तो हा प्रश्न. निकाल लागतो पुढच्या दोनांत.

विंड शिअर. खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांचा फरक. २० नॉटच्या आत असेल तर भोवरा उभा राहू शकतो, त्याच्या वर गेला की माथा एकीकडे आणि बूड एकीकडे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पुरेसं गरम असूनही अरबी समुद्रात वादळं जवळजवळ होत नाहीत, ती याच कारणाने : खाली पश्चिमेचा जोरदार झोत, वर पूर्वेचा. शिअर केंद्रावरचा आजचा तर बघाच, पण सिस्टीम दोन दिवसांनी जिथे असेल तिथला जास्त महत्त्वाचा.

कोरडी हवा. अरबस्तानाच्या वाळवंटाकडून आणि वायव्येकडून येणारी कोरडी हवा मधल्या थरात शिरली की ढग विझतात. पाण्याच्या वाफेच्या चित्रात ती गडद जिभेसारखी दिसते. जीभ केंद्राभोवती गुंडाळली जात असेल तर वाढ खुंटते.

२०१७ च्या डिसेंबरात ओखी याच कचाट्यात सापडलं. कन्याकुमारीजवळ बघता बघता तयार झालेलं आणि पुढे अतितीव्र झालेलं ते वादळ गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत येईतो पार गळून गेलं होतं.

विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत भोवरा धरत नाही, हे एकदा तपासून पुढे जा. एमजेओची, म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगापावसाच्या पट्ट्याची लाट हिंदी महासागरावर, म्हणजे तिच्या ‘फेज’ २ किंवा ३ मध्ये असेल तर अनुकूल धरा. पण नुसत्या तिच्या जोरावर काही घडत नाही.

## टप्पा ५ : आता मॉडेल

इथवर आलात तर मॉडेल उघडायला हरकत नाही. जीएफएस हे अमेरिकी मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, युरोपीय मॉडेलच्या मुख्य फेऱ्या ०० आणि १२ यूटीसीच्या. निकाल त्या वेळेनंतर काही तासांनी हाती येतो, म्हणून पहाटेच्या फेरीचं चित्र दुपारपर्यंत पूर्ण होतं. काम असं करा :

१. एक तारीख पक्की धरा आणि मागच्या चार फेऱ्या त्याच तारखेसाठी बघा. समजा २० तारीख धरली, तर प्रत्येक फेरीत २० तारखेला भोवरा कुठे आणि केवढा आहे ते लिहा. भोवरा तिथल्या तिथे राहतोय की अंशा-अंशाने सरकतोय, हे एका चित्रात कधीच कळत नाही.

२. पळती तारीख ओळखा. सोमवारी मॉडेल म्हणतं आठ दिवसांनी वादळ, गुरुवारीही म्हणतं आठ दिवसांनी. निर्मितीचा दिवस जवळ येत नसेल तर ती सिस्टीम मॉडेलच्या पोटातच आहे. दूरच्या पल्ल्यावर जीएफएसला आपल्या समुद्रांत वादळं उभी करायची खोड आहे. सातव्या दिवसापुढचा त्याचा केंद्रातला दाब मी वहीत घेतच नाही.

३. एन्सेम्बल मोजा, म्हणजे तेच मॉडेल सुरुवातीची स्थिती किंचित बदलून अनेकदा चालवलेला संच. जीएफएसच्या संचात ३१ सदस्य असतात, युरोपीय संचात ५१. किती सदस्य भोवरा तयार करतात, किती नाही, आणि केव्हा, हे मोजा. दोन्ही संच वेगवेगळं सांगत असतील तर ‘अनिश्चित’ हेच खरं उत्तर आहे आणि ते लिहायला लाजू नका.

४. सरासरी रेघेला भुलू नका. निम्मे सदस्य ओमानकडे आणि निम्मे गुजरातकडे जात असतील, तर त्यांची सरासरी रेघ मधून जाते, जिथे कुणीच जात नाही. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉयच्या सुरुवातीच्या दिवसांत मार्गांचा असाच पंखा पसरला होता. ६ जूनला डिप्रेशन झालेलं ते वादळ अखेर १५ जूनला कच्छमधल्या जखाऊजवळ जमिनीवर आलं.

## टप्पा ६ : टक्केवारी कशाची, ते आधी बघा

आउटलुकमध्ये पुढच्या सात दिवसांसाठी शक्यता दिलेली असते : निल म्हणजे शून्य, लो म्हणजे १ ते ३३ टक्के, मॉडरेट ३४ ते ६७, हाय ६८ ते १००. ही शक्यता डिप्रेशन तयार होण्याची असते, चक्रीवादळाची नाही. ‘हाय’ वाचून ‘वादळ नक्की’ असं पुढे पाठवणारे मधल्या दोन पायऱ्या गिळतात. अनेक डिप्रेशन तिथेच विरतात.

जेटीडब्ल्यूसीचं लो-मीडियम-हाय साधारण पुढच्या चोवीस तासांपुरतं असतं. तिथला ‘लो’ आणि आपल्याकडचा पाचव्या दिवसाचा ‘हाय’ एकाच वेळी बरोबर असू शकतात. त्यांत भांडण नाही.

थांबा : नाव ३४ नॉटला, म्हणजे चक्रीवादळ झाल्यावरच मिळतं. तेरा देशांनी दिलेल्या नावांची यादी आधीच जाहीर असल्यामुळे पुढचं नाव कुणालाही ठाऊक असतं. हवामान विभागाने डिप्रेशनही म्हटलेलं नसताना मेसेजमध्ये नाव आलं, तर तो मेसेज तिथेच मिटवा.

घाई नको, तशी सुस्तीही नको. निसर्ग चक्रीवादळ १ जून २०२० च्या पहाटे डिप्रेशन झालं आणि ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर होतं. सिस्टीम आपल्या किनाऱ्याजवळच जन्मली तर हातात दोनच दिवस असतात. म्हणून शक्यता मॉडरेट झाली की वहीतली नोंद दिवसातून दोनदा, आणि डिप्रेशन झालं की प्रत्येक बुलेटिनला.

## टप्पा ७ : मार्ग, शंकू आणि तुमचं गाव

डिप्रेशन जाहीर झालं की अधिकृत मार्ग येतो. त्याच्याभोवतीचा शंकू हा वादळाचा आकार नव्हे. केंद्र कुठून कुठपर्यंत जाऊ शकतं, एवढंच तो सांगतो. वारा आणि पाऊस शंकूच्या बाहेरही येतात.

मधल्या रेघेपासून तुमचं गाव किती दूर, यावर निश्चिंत होऊ नका. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून, समुद्रातूनच उत्तरेला गेलं आणि रात्री दीवजवळ जमिनीवर आलं. महाराष्ट्रात ते ‘धडकलंच नाही’. तरी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत नोंदले गेले, आणि कोकणातल्या बागा, छपरं, होड्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या वादळात ‘धडकणार कुठे’ हा प्रश्नच अपुरा पडतो.

बाजूही बघा. वादळ ज्या दिशेने जातं तिकडे तोंड केलंत की उजव्या हाताची बाजू जास्त जोराची, कारण तिथे भोवऱ्याचा वारा आणि वादळाची चाल एकाच दिशेने पडतात. उत्तरेला जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे थेट आपला किनारा. निसर्ग ईशान्येला जात होतं. त्यामुळे केंद्राच्या दक्षिणेकडचे मुरुड, श्रीवर्धन, दापोली झोडपले गेले आणि उत्तरेकडची मुंबई त्या मानाने बचावली.

चाल स्वतः काढून बघा. समजा सकाळी केंद्र १४.० उत्तरेला होतं आणि सहा तासांनी १४.६ ला, रेखांश तेच. ०.६ अंश म्हणजे सुमारे ६७ किमी, भागिले सहा, म्हणजे ताशी ११ किमी. पण सहा तासांचा वेग पुढच्या दोन दिवसांना चिकटवू नका. जून २०१९ मध्ये ‘वायू’ चक्रीवादळ सौराष्ट्राच्या तोंडाशी येऊन वळलं होतं.

## टप्पा ८ : अंगणातून दिसणाऱ्या खुणा

वादळ काही शे किलोमीटरवर आलं की मॉडेल बाजूला ठेवा. आता रडार, बुलेटिन आणि तुमची स्वतःची निरीक्षणं.

फोनमधल्या बॅरोमीटरवर बहुतेक जण फसतात. आपल्याकडे हवेचा दाब रोजच सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक दोन-तीन हेक्टापास्कलचा असतो. दुपारी दोनला दाब उतरताना पाहून घाबरू नका, काल दुपारी दोनला किती होता ते बघा. फोन एकाच जागी ठेवा, कारण सुमारे आठ मीटर चढलात की एक हेक्टापास्कल कमी होतो. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलेलं वादळ म्हणतात ते हेच.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असेल. वादळ समुद्रातून उत्तरेला सरकलं की कोकणात वारा आग्नेय-दक्षिणेकडून फिरून नैर्ऋत्येला येतो. तो तसा फिरत नसेल आणि एकाच दिशेने वाढत चालला असेल, तर वादळ तुमच्याच रोखाने येत असण्याची शक्यता धरा.

बंदरातला बावटा बघायची सवय ठेवा. तीन नंबर म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. आणि इन्कॉइसचा लाटांचा इशारा वादळाच्या बातमीहून वेगळा वाचा : केंद्र पाचशे किलोमीटरवर असताना, वर निरभ्र आकाश असतानाही, उधाण किनाऱ्यावर पोचतं.

तपासा : जिल्ह्यासाठी कोणता इशारा आहे? ‘सायक्लोन अलर्ट’ पिवळ्या रंगाचा, खराब हवामान सुरू होण्याच्या किमान ४८ तास आधी. ‘सायक्लोन वॉर्निंग’ केशरी, २४ तास आधी. इथून पुढे होडी कधी ओढायची, घर सोडायचं का, हे निर्णय तुमच्या वहीवर घ्यायचे नाहीत. प्रशासन निघा म्हणालं की निघायचं.

## नोंद कधी बंद करायची

वादळ जमिनीवर आल्या क्षणी नाही. वारा पडला तरी तेच केंद्र डिप्रेशन होऊन घाटापलीकडे पाऊस ओतत राहतं, त्यामुळे बुलेटिन ‘कमी दाबाचं क्षेत्र’ म्हणेपर्यंत नोंदी चालू ठेवा. त्यानंतर एक पान जास्तीचं खर्च करा : डावीकडे प्रत्येक दिवशी तुम्ही काय लिहिलं होतंत, उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं. माझ्या पहिल्या वहीत डावीकडे पाच ‘वादळं’ आहेत, उजवीकडे एक.